माहीमच्या चिकनवाल्या चाचांना, आभारासाठी

चाचा, सलाम.

रविवारी सकाळी दुकानापुढे रांग असते आणि तुमचे दोन्ही हात कामात असतात, तेव्हा आभार मानायला गेलं तर मागचे लोक ओरडतील. म्हणून हे पत्र. बंद पाकिटात न घालता सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही ओट्यापलीकडून जे सांगता ते नीट मांडलं तर वाचणाऱ्यांच्याही कामाला येईल.

लिंबू आणि हिरव्या पाल्यातलं हलकं चिकन आता आमच्या गल्लीत बऱ्याच घरी रात्रीच्या जेवणाला होतं. ते चांगलं होतं याचं अर्धं श्रेय तुमच्या सुरीला. हे कौतुकापोटी म्हणत नाही, हिशेबच तसा आहे. या पदार्थात वाटण नाही, रस्सा नाही, मसाला नाही. कापताना किंवा शिजवताना चुकलेलं झाकायला काहीच नसतं. कातडी काढलेल्या छातीच्या मांसात चरबी जेमतेम 2-3 टक्के. कच्च्या 100 ग्रॅममागे 22-23 ग्रॅम प्रथिनं आणि साधारण 120 कॅलरी. म्हणून तर ते पथ्याला चालतं, आणि म्हणूनच दोन मिनिटं जास्त झाली की भुसा होतो.

त्यातून छातीचा आकार अडचणीचा. एका टोकाला तीन-साडेतीन सेंटिमीटर जाड, दुसऱ्या टोकाला जेमतेम एक. अख्खी तव्यावर टाकली की निमुळती बाजू वाळते तेव्हा जाड बाजू आतून गुलाबी असते. तुम्ही आधी आतली लांबट पट्टी बोटाने सोडवता, तिच्यातली पांढरी शीर टोकाला पकडून सुरीने खरवडत ओढून काढता (ती राहिली तर शिजताना आकसते आणि पट्टी वेडीवाकडी होते), मग छातीवर डावा तळवा सपाट ठेवून सुरी आडवी घालता. एका छातीचे दोन काप, दोन्ही सव्वा-दीड सेंटिमीटरचे. सगळे काप एकाच वेळी शिजतात. एवढं झालं की पुढचं निम्मं काम सोपं.

ज्यांना असा चाचा मिळालेला नाही, त्यांनी पाकिटातली छाती 20 मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवावी. मांस जरा कडक झालं की घरच्या सुरीनेही आडवा काप नीट जातो. उरलेला उंचसखलपणा काढायला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लाटण्याने हलके ठोके द्यावेत, मधून कडेकडे. बत्त्याने कुटू नये, रेषा तुटतात आणि पाणी सुटतं.

तुमची दुसरी मदत म्हणजे कोंबडी निवडून देणं. साफ केल्यावर किलोच्या आसपास भरेल अशीच तुम्ही काढता. फार मोठ्या बॉयलरच्या छातीवर कधीकधी पांढऱ्या रेघा दिसतात आणि मांस बोटाला कडक लागतं. तसलं मांस कितीही काळजीने शिजवा, दाताखाली रबरासारखंच राहतं. आणि ‘हेल्दी’ म्हणून गावठीचा हट्ट धरणाऱ्यांना तुम्ही रश्श्याकडे वळवता, तेही बरंच. गावठीला वेळ लागतो, सहा मिनिटांच्या तव्यावर ती बधत नाही.

आता मिठा-लिंबाचं. चौघांना 500 ग्रॅम बोनलेस पुरतं. त्याला एक सपाट चहाचा चमचा मीठ, म्हणजे 5-6 ग्रॅम, आणि अर्धा चमचा भरडलेली मिरी. मीठ आधी, एकटं. काप टिशूने कोरडे करून मीठ चोळायचं आणि फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात 40 मिनिटं ठेवायचं. सुरुवातीला पाणी सुटल्यासारखं दिसतं, मग तेच खारट पाणी मांसात परत मुरतं आणि शिजताना आतला ओलावा धरून ठेवतं. घाईत मीठ शेवटी भुरभुरलं तर ते वरच राहतं आणि आतला घास अळणी लागतो.

लिंबू मागाहून घाला, हे तुम्ही प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगता आणि बहुतेक जण ऐकून सोडून देतात. कारण सांगितलं तर कदाचित पटेल. लिंबाच्या आंबटपणाने मांसाचं वरचं प्रथिन आचेशिवायच आवळतं, वरचा थर पांढुरका दिसायला लागतो. रात्रभर ठेवलं तर तोच थर खडूसारखा भुसभुशीत होतो, आणि आतपर्यंत चव गेलेली नसतेच. दह्यातलं चिकन रात्रभर टिकतं म्हणून लिंबातलंही टिकेल हा हिशेब चुकीचा. दही लिंबापेक्षा कितीतरी सौम्य. तेव्हा मुरवताना लिंबाची किसलेली साल, रस फक्त एक चहाचा चमचा, तोही शेवटची 15 मिनिटं. बाकी सगळा रस गॅस बंद केल्यावर.

प्रमाणाचा एक घोळ इथेच सांगून टाकतो. परदेशी कृतीत ‘एक लिंबू’ लिहिलेलं असतं ते मोठं, जाड सालीचं, त्यातून 40-45 मिलि रस निघतो. आपलं कागदी लिंबू 12-15 मिलि देतं. त्यांच्या एकाला आपली तीन धरा. आणि साल आपली फार पातळ. दोन-तीन वेळा किसणी फिरली की खालचा पांढरा भाग लागतो आणि तो कडू. पूर्ण पिवळी झालेली लिंबं घ्यावीत, हिरव्या सालीचा कडवटपणा उतरतो. बारीक किसणीवर लिंबू फिरवत फक्त रंग काढायचा. 500 ग्रॅमला दोन लिंबांची साल आणि एकूण दोन मोठे चमचे रस. रस तव्यावर उकळत ठेवला तर वास उडतो, आंबटपणा तेवढा मागे राहतो.

पाल्याच्या बाबतीत लोक विनाकारण घाबरतात. थाईम, रोझमेरी, पार्सली क्रॉफर्ड मार्केटात मिळते, पण त्यासाठी लोकलने जायलाच हवं असं नाही. खिडकीतल्या कुंडीत ओव्याची जाड, लवदार पानं असतात ना, भजीची? त्यांचा वास ओरेगॅनोच्या जवळचा, कारण दोन्हींत कार्वाक्रोल हाच घटक. दोन पानं बारीक चिरून अर्ध्या किलोला पुरतात, तिसऱ्या पानाला औषधाची चव येते. थाईमच्या जागी चिमूटभर ओवा हातावर चुरडून. थायमॉल हा वासाचा घटक दोन्हींत आहे. सब्जाची पानं म्हणजे बेसिलचीच भावंडं, ती कच्ची वरून घालावीत. कोथिंबिरीचे देठ बारीक चिरून मुरवताना, पानं शेवटी. पुदिना हात राखून, चार-पाच पानं, नाहीतर सगळ्याची चटणी होते. ठरवायचं एवढंच की कडक पाला आधी, कोवळा पाला शेवटी. वाळवलेला असेल तर ताज्याच्या एक तृतीयांश. रोझमेरी एक चमच्यावर नको.

पावसाळ्यात कोथिंबीर-पुदिना ओलाच मिळतो आणि दुसऱ्या दिवशी काळा पडतो. आणल्याबरोबर कोरड्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवला तर तीन-चार दिवस सहज जातात.

मुरवायला किसलेली साल, कडक पाला, कोथिंबिरीचे देठ आणि दोन चहाचे चमचे तेल. तव्यावर आणखी दोन चमचे. म्हणजे माणशी एक चमचा, 40-45 कॅलरी. चिकनच्या दीडशे धरून माणशी दोनशेच्या आत बसतं. बाटलीतून अंदाजाने ओतलं की हा हिशेब कोसळतो. तीन मोठे चमचे तेल म्हणजे साडेतीनशे कॅलरी तव्यावरच. आलं-लसूण पेस्ट इथे नको. ती तव्याला धरते, जळते आणि लिंबाचा वास मारते. लसणाच्या चार पाकळ्या ठेचून काप उलटल्यावर टाकायच्या. आधी टाकलेला लसूण तीन मिनिटांत काळा होतो, आणि कडवट लागलं की दोष बिचाऱ्या लिंबावर जातो.

तव्याचं म्हणाल तर बिडाचा उत्तम तापतो, पण लिंबाचा रस त्यात घालू नये. लोखंडाची चव उतरते आणि तव्याचा मुरलेला थर निघतो. चिकन ताटात काढून रस वर पिळावा. जाड बुडाच्या स्टीलमध्ये ही अडचण नाही. नॉनस्टिक रिकामा तापवू नये. कोणताही असो, मध्यम ते मोठ्या आचेवर, काप पुन्हा टिशूने टिपून, एकमेकांना न चिकटवता. सगळं एकदम कोंबलं की तवा थंड पडतो, पाणी सुटतं आणि चिकन भाजण्याऐवजी उकडतं. करडं, मऊ, बेचव. दोन खेपा कराव्यात.

टाकल्यावर 3 मिनिटं हात लावायचा नाही. खालून सोनेरी झालं की काप आपोआप सुटतो. ओढावं लागत असेल तर अजून झालेला नाही. उलटून 2-3 मिनिटं, लसूण, मग आच मंद, दोन मोठे चमचे पाणी किंवा सूप, झाकण एक मिनिट. घरात थर्मामीटर असेल तर जाड भागात 74 अंश सेल्सिअस. नसेल तर सर्वांत जाड काप मधून चिरून बघावा: मांस पूर्ण पांढरं, रस स्वच्छ. नुसत्या वरच्या रंगावर जाऊ नये, ओव्याच्या पानांनी आणि मिरीने तो फसवतो. मग ताटात काढून 4-5 मिनिटं तसंच. लगेच कापलं तर सगळा रस ताटात येतो. कापताना रेषांच्या आडवं. तव्यावरच्या खरपुडीत चमचाभर पाणी फिरवून ते वर ओतायचं, मग लिंबू, मग पानं.

एका गोष्टीवर तुमचं आणि पुष्कळ घरांचं जमत नाही, आणि बरोबर तुम्हीच आहात. चिकन नळाखाली धुवू नये. आपल्याकडे न धुतलेली कोंबडी म्हटलं की नाक मुरडतात, पण धारेने उडालेले थेंब सिंक, ओटा आणि शेजारी ठेवलेल्या काकडीपर्यंत जातात, सोबत साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे पोट बिघडवणारे जंतू. ते मरतात ते आचेने. तुम्ही साफ करून देता, वर टिशूने टिपलं की झालं. ज्यांना राहवतच नाही त्यांनी पातेल्यातल्या स्थिर पाण्यात बुडवून काढावं आणि सिंक साबणाने घासावं. भाजी-कोशिंबिरीची पाटी वेगळी. बाजारात चिकन सगळ्यांत शेवटी घ्यावं. 32 अंशांच्या वर तासभरसुद्धा बाहेर राहू देऊ नये, आणि एप्रिल-मे महिन्यांत मुंबईची दुपार तिथेच असते. फ्रीजमध्ये दोन दिवसांच्या आत संपवावं.

सोबत काय, हे फार लांबवत नाही. फरसबी आणि गाजर 5-6 मिनिटं वाफवून त्याच तव्यावर फिरवून घ्यावं, एक ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी, काकडीची कोशिंबीर. कोशिंबिरीत पुन्हा लिंबू नको, दही घाला. डब्याला न्यायचं असेल तर छातीऐवजी लेग बोनलेस मागा: चरबी जरा जास्त, पण गरम केल्यावर कोरडं पडत नाही. तव्यावर एकेका बाजूला 5-6 मिनिटं.

आणि हाडांसाठी वेगळे आभार. बोनलेस काढल्यावर उरलेला सांगाडा तुम्ही न मागता छोट्या पिशवीत बांधून देता. त्यात एक लिटर पाणी, अर्धा कांदा, पाच-सहा मिरे आणि कोथिंबिरीची मुळं धुऊन, मंद आचेवर 45 मिनिटं. गाळून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं की झाकण ठेवताना तव्यावर घालायचं सूप तयार. नुसतं पाणी आणि हे सूप यात फरक पहिल्या घासालाच कळतो.

गटारीच्या आठवड्यात तुम्हाला मान वर करायला फुरसत नसते, तेव्हा आमचे पातळ काप मागून तुमचा वेळ खाणार नाही; अख्खी छाती द्या, फ्रीझरची युक्ती आहेच. पण हा शुक्रवार मोकळा आहे. अर्धा किलो छाती, नेहमीचे काप, पट्टी वेगळी, हाडं वेगळी. संध्याकाळी साडेसातला येतो. सुट्टे घेऊन येतो.

तुमचे,
गल्लीतले गिऱ्हाईक