प्रेमात पडल्यावर नायिकेचं काय होतं?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतल्या पुस्तक परीक्षणांत प्रेमकथेमुळं कादंबरीचा विषय पातळ झाला, असा शेरा हल्ली वरचेवर दिसतो. मला तो पटत नाही, म्हणून हे पत्र. प्रेमात पडल्यानंतर पात्राला लेखक स्वतःचं काहीच ठरवू देत नाही, तेव्हा ते पात्र पातळ होतं. त्यात प्रेमाचा काय दोष?

प्रेमातून पात्र घडतं, याची उदाहरणं सांगलीकरांना घरातच सापडतील. खाडिलकरांच्या १९११ च्या ‘मानापमान’ नाटकातली भामिनी पैशाच्या तोऱ्यात धैर्यधराला झिडकारते आणि पुढं गरीब वनमाला होऊन त्याच्यासमोर जाते. प्रेमात पडायचं तर तिला आधी आपली श्रीमंती बाजूला ठेवावी लागते. ती बदलते ती इथं, शेवटच्या मीलनात नव्हे.

याहून मोठं उदाहरण सांगलीतच जन्मलेल्या वि. स. खांडेकरांचं. ‘ययाति’ (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापल्या तोंडून सांगतात. त्यामुळं एकच नातं तीन मनांतून दिसतं. कचानं नाकारल्याची जखम घेऊनच देवयानी राणी होते. तिच्या लेखी प्रेम म्हणजे हक्क आणि मान. ययातीला ते भूक वाटतं, म्हणून ते त्याला कधीच पुरत नाही. शर्मिष्ठा राजकन्या असून दासी झालेली. तिच्यापाशी द्यायला फारसं काही उरलेलं नसताना तीच सर्वांत जास्त देते. या तिघांच्या आयुष्यातून प्रेम वजा केलं, तर त्यांचे स्वभाव आपल्याला कळलेच नसते. या कादंबरीला ज्ञानपीठ मिळालं. तिच्यातल्या प्रेमाला कुणी ठिगळ म्हणेल का?

देवलांच्या ‘शारदा’बद्दल (१८९९) मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधली जाणारी ती मुलगी आपल्याला कळते ती तिच्या भीतीतून आणि बापावरच्या रागातून. कोदंडाशी लग्न हा तिच्यावरच्या संकटातून काढलेला मार्ग आहे. त्या लग्नानं शारदा घडत नाही, सुटते. नाटक म्हणून ते थोर आहेच, पण हा फरक परीक्षकांनी नजरेआड करू नये.

आणि प्रेमकथा प्रत्येक पुस्तकात हवीच, असंही नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या माणदेशातल्या ‘बनगरवाडी’ कादंबरीचा तरुण मास्तर शाळा चालवता चालवता, तालीम बांधता बांधता मोठा होतो. त्याच्या गळ्यात एखादी नायिका बांधली असती, तर वाडीच मागं पडली असती.

मला खरा राग येतो तो आजच्या मालिकांचा. पहिल्या काही भागांत मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, दुकान चालवते, कुस्तीच्या आखाड्यात उतरते. मग नायक भेटतो, लग्न लागतं, आणि पुस्तकं, दुकान, आखाडा सगळं गायब! पुढं ती फक्त रुसते, सोसते, नवऱ्याचा गैरसमज दूर करते. नायकाचा धंदा मात्र लग्नानंतरही चालूच असतो. घरातल्या मुली हे रोज संध्याकाळी बघतात, याची मला फार काळजी वाटते. प्रेमात पडलेल्या मुलीला अभ्यास सोडावासा वाटला, तर तेही दाखवा. पण ती तळमळ, ते भांडण, तो निर्णय तिचा असू द्या.

म्हणून आपल्या परीक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. ‘हळुवार प्रेमकथा’ एवढं लिहून थांबू नका. प्रेमात पडण्याआधी त्या पात्राला काय हवं होतं, नंतर त्याचं काय झालं आणि ते कुणी ठरवलं, हे दोन ओळींत का होईना, जरूर लिहा. दिवाळी अंकांची परीक्षणं येतील, तेव्हापासून सुरुवात केलीत तर फार बरं होईल.

आपली,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली