न खेळणाऱ्यांना खेळ विकताना

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमची जाहिरात होती आणि 'आजी-आजोबांसाठीही' असे तिच्यात ठळक छापले होते. जन्मात असा खेळ न खेळलेल्या आमच्यासारख्यांचा कोणी विचार करतो आहे, याचे अप्रूप वाटून मी, पत्नी आणि नातू जळगावच्या एका दुकानात गेलो. विक्रेत्याने यंत्र नातवाच्या हाती दिले, बोललाही त्याच्याशीच, आणि शेवटी मला म्हणाला, "काका, रोज अर्धा तास खेळा, विसरायचा आजार होणारच नाही." पत्नीने मागून घेतले, तेव्हा संधिवाताने आखडलेल्या अंगठ्याला ती बारीक बटणे दाबता येईनात, सूचना सगळ्या इंग्रजीत. "हाई माले जमाव नही," म्हणत तिने यंत्र काउंटरवर ठेवले.

निन्टेन्डो या जपानी कंपनीने २००४ साली 'डीएस' हे यंत्र आणले, तेव्हा न खेळणाऱ्याचे घोडे नेमके कुठे अडते हे आधी पाहिले होते. बटणांच्या जोडीला तिने पडद्यावर टेकवायची काडी दिली. पुढच्याच वर्षी मेंदूशास्त्रज्ञ र्‍युता कावाशिमा यांच्या नावाने निघालेल्या खेळात तर यंत्र पुस्तकासारखे धरायचे आणि बेरीज-वजाबाकीची उत्तरे पडद्यावर हाताने लिहायची, म्हणजे पाटीवर लिहिलेल्या कोणालाही जमावे असेच काम होते. डीएसची १५ कोटींहून अधिक यंत्रे खपली, त्यामागे ही जाण होती असे मला वाटते.

मात्र खेळाने स्मरणशक्ती टिकते असे छातीठोकपणे सांगणे वेगळे. अशाच दाव्यांवरून अमेरिकेत 'ल्युमॉसिटी' हे मेंदूच्या व्यायामाचे खेळ विकणाऱ्या कंपनीला २०१६ साली २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावे लागले. साठीनंतर चष्मा कुठे ठेवला हे आठवेनासे झाले की माणूस आधीच धास्तावलेला असतो. त्या धास्तीवर माल खपवू नये आणि असा दावा असलेली जाहिरात आपणही पुरावा मागितल्याशिवाय छापू नये, ही कळकळीची विनंती. दुकानदारांनी मराठी सूचनांचा एक कागद आणि हाताळून पाहायला एक यंत्र ठेवले, तरी पुष्कळ होईल.

पत्नीला खेळायची हौस नाही असे मुळीच नाही. अमळनेरला सखाराम महाराजांच्या यात्रेत मुलाने घेऊन दिलेला, दोन सेलवर चालणारा ठोकळ्यांचा खेळ ती भांडी आवरून झाल्यावर अजूनही काढते. त्याची उजवीकडची कळ आता अडकते, आणि तसा दुसरा कुठे मिळेल, हे ती मला विचारते आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
अमळनेर, जि. जळगाव