मा. आयुक्त, अभ्यासिकेत किती जण बसतात ते हवेवरून मोजा

मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका यांस,
सादर नमस्कार.

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत मी तीन वर्षं बसलो. दुपारनंतर डोकं जड व्हायचं, जांभया थांबायच्या नाहीत. आम्ही दोष मेसच्या भाताला द्यायचो. पुढे मोजमापाच्या उपकरणांच्या नोकरीत शिरलो. एकदा मित्राला भेटायला तिथेच गेलो, तेव्हा कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र पिशवीत होतं. रस्त्यावर आकडा ४३० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ४३० भाग), आत ३,४००. खिडक्या प्लायवूडने बंद करून तिथे टेबलं लावली होती. स्प्लिट एसी आतलीच हवा गार करून फिरवतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, हे पोरांना माहीत नसतं आणि बऱ्याच मालकांनाही.

पण हे पत्र फक्त जांभयांसाठी नाही. तोच आकडा खोलीत किती माणसं आहेत हेही सांगतो.

बसून वाचणारा माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. ३० बाय २० फुटांची, १० फूट उंचीची खोली धरा. सगळं बंद असेल आणि ४० जण बसले, तर तासाभरात आकडा साडेचार हजारांवर जातो. २५ जण असतील तर तीन हजारांच्या आसपास राहतो. प्रत्यक्षात फटींमधून, दारातून हवा बदलत राहते. ती किती बदलते हेही यंत्रच सांगतं: खोली रिकामी झाल्यावर आकडा ज्या वेगाने उतरतो, त्यावरून ते काढता येतं. कुणी खिडकी उघडली की अंदाज चुकतो, हे मान्य. म्हणून नेमकी हजेरी यातून मिळणार नाही. पण खिडक्या बंद असतील, तर २५ जणांच्या जागेत ४० बसवलेत का, एवढं कळतं. त्यासाठी मुलींच्या डोक्यावर कॅमेरा लावावा लागत नाही, कुणाचा चेहरा साठवावा लागत नाही.

दिल्लीत जुन्या राजेंद्र नगरमध्ये २७ जुलै २०२४ ला तळघरातल्या अभ्यासिकेत पाणी शिरलं आणि तीन विद्यार्थी गेले. तेव्हापासून अरुंद जिन्याच्या अभ्यासिकेजवळून जाताना माझ्या मनात एकच प्रश्न येतो: या क्षणी वर किती जण आहेत, हे अग्निशमन दलाला कोण सांगेल? २००६ च्या राज्याच्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे मालकाने जानेवारीत आणि जुलैत प्रमाणपत्र द्यायचं असतं. ते अग्निरोधक यंत्रणेचं. त्या दिवशी आत कोंबलेली माणसं त्यात दिसत नाहीत.

निविदा काढाल तेव्हा दोन गोष्टींकडे कृपया स्वतः लक्ष द्या. बाजारात स्वस्त यंत्रं मिळतात, ती वास आणि वाफा मोजतात आणि त्यावरून कार्बन डायऑक्साइडचा आकडा रचून दाखवतात. त्यांचा इथे उपयोग नाही. अवरक्त किरणांनी थेट वायू मोजणारंच यंत्र हवं. दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. बरीच यंत्रं आठवड्यातला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा असं धरून स्वतःला जुळवून घेतात. चोवीस तास चालणारी अभ्यासिका कधी रिकामीच होत नाही! मग यंत्र हळूहळू कोंदट हवेलाच ताजी म्हणू लागतं. तिथे ही सोय बंद ठेवून यंत्र ठरावीक दिवसांनी मोकळ्या हवेत नेऊनच जुळवायला हवं.

सुरुवात महापालिकेच्या स्वतःच्या अभ्यासिकांपासून करा. आकडा दाराशी, सगळ्यांना दिसेल असा लावा. पोरं स्वतःच खिडकी उघडतील किंवा दुसरी जागा शोधतील. त्यानंतर खासगी अभ्यासिकांना परवान्याबरोबर हे बंधनकारक करा.

पहिल्या पाच जागी यंत्रं बसवायला आणि जुळवून द्यायला मी विनामोबदला येईन. राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या आधीचा महिना निवडा. तेव्हा जिन्यातही टेबलं लागलेली असतात.

आपला,
पूर्वी अभ्यासिकेत बसलेला एक पुणेकर