सुन्या, चाकं घेण्याआधी हे वाच

हाइलब्रोन,
12 ऑक्टोबर

प्रिय सुन्या,

तुझ्या पद्मिनी गाडीला रुंद अलॉय चाकं बसवतोयस म्हणे. थांब जरा. पैसे मोजण्याआधी माझी फजिती ऐक. फोनवर सांगितली असती तर तू मधेच हसत सुटला असतास, म्हणून लिहितोय.

माझी पोर्श 944 तू फोटोत पाहिलीयस. 1985 ची, इथून जवळच नेकार्सुल्मला ऑडीच्या कारखान्यात बनलेली. तिची 15 इंची चाकं मला आजोबांच्या वहाणांसारखी वाटायची. मग एकाकडे 944 चीच, पण नंतरच्या वर्षांची 16 इंची मिळाली. पाच नट, पीसीडी (नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) 130 मिलिमीटर, सगळं जुळत होतं. '944 ची आहेत, 944 ला बसणारच,' विकणारा म्हणाला आणि मी नंदीबैलासारखी मान डोलावली.

बसली की! पण पार आत गेली, गालफडं बसलेल्या म्हाताऱ्यासारखी गाडी दिसायला लागली. स्टीअरिंग पूर्ण वळवलं की आतून खर्रर्र. टॉर्च घेऊन खाली शिरलो, तेव्हा चाकाच्या पाठीवरचा आकडा पहिल्यांदा वाचला. हबला, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक नटांनी आवळतात त्याला, टेकणारा भाग रिमच्या मधोमधपासून किती बाहेर, ते मिलिमीटरमध्ये तिथं 'ईटी' म्हणून कोरलेलं असतं; यालाच ऑफसेट म्हणतात. आकडा जितका मोठा, तितकं चाक आत. माझी जुनी 23.3 ची, नवी मागची 52.3 ची, पुढची तर त्याहूनही जास्त. 1987 च्या मॉडेलपासून पोर्शनं सस्पेन्शनची रचना बदलली आणि त्यासोबत ऑफसेटही. बाहेरून बघून कुणाला कळणार?

मग 29 मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे हब आणि चाकाच्या मधे बसवायच्या जाड चकत्या, आले. तेही कागदपत्रांसकट, कारण इथं जर्मनीत अशी चाकं बदलली की तपासनीसाला दाखवून गाडीच्या कागदांवर नोंद करावी लागते. त्या गृहस्थानं दोन्ही टोकांपर्यंत स्टीअरिंग फिरवून बघितलं, मगच सही केली. स्पेसर चाकांपेक्षा महाग पडले, हे बायकोला अजून सांगितलेलं नाही.

स्पेसरनं बेअरिंग जातं असं तुझे गॅरेजवाले म्हणतील. अर्धंच खरं आहे. माझं मागचं चाक स्पेसरमुळे मूळ जागी परत आलं, त्यामुळे तिथं ताण वाढला नाही. तुला मात्र चाक मडगार्डच्या बाहेर काढायचंय! तेव्हा बेअरिंगवर जोर येणार, आणि एका बाजूला खडी लागून ब्रेक मारलास की स्टीअरिंग हातातून ओढणार. कात्रज घाटात हा प्रयोग नको.

रिमवर आकडा नसेल तर रिम पालथं घाल, काठावर पट्टी आडवी ठेव आणि तिथून हबला टेकणाऱ्या भागापर्यंतची खोली मोज. त्यातून रिमच्या काठापासून काठापर्यंतच्या रुंदीचं अर्धं वजा कर, झाला ऑफसेट. आधी जुन्या रिमचा काढ, मग नव्याचा.

आणि मला फोटो पाठव, पण रिमच्या पाठीचा. चकचकीत बाजू तू पाहिलीच असशील.

तुझा,
बाळ्या