मा. शिक्षणमंत्री, त्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे?

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. घरची पाच एकर कोरडवाहू. मी गणितात बी.एस्सी. केलं आहे आणि दीड वर्षापासून माझ्या दोन्ही लेकरांना घरीच शिकवते. पोरगी अकरा वर्षांची, धाकटा नऊचा.

गेल्या शनिवारी तुरीची सोंगणी अर्ध्यावर टाकून दोघांना घेऊन तालुक्याला गेले. गणिताची आवड असलेल्या पोरांना आठवड्यातून दोन तास एकत्र बसायला एक रिकामी खोली देऊ, असा शब्द तिथल्या एका कार्यालयानं दिवाळीआधी दिला होता. खोलीला कुलूप होतं. ही पाचवी खेप. किल्ली मागितली तर टेबलामागून उत्तर आलं, "बाई, तुमची पोरं शाळाबाह्य आहेत. पोर्टलवर नंबर नाही, खोली कोणाच्या नावानं देऊ?"

हे पोरीसमोर बोलले. परतीच्या एसटीत तिनं विचारलं, "आई, शाळाबाह्य म्हंजे वाया गेलेलं का?" त्या खोलीत दाखवायला म्हणून तिनं दोन पानं आकडे लिहून आणले होते. वही तशीच मांडीवर उघडी होती.

साहेब, मी हौस म्हणून लेकरं घरी ठेवली नाहीत. गावच्या शाळेत सहावी-सातवी मिळून अकरा पोरं. कोणत्या शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवणाऱ्या संचमान्यतेचा १५ मार्च २०२४ ला निर्णय निघाला, त्यात सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला की त्या वर्गांना शिक्षकच मंजूर नाही असं ठरलं. वरच्या वर्गाची शाळा तीन किलोमीटरच्या आत हवी असं नियम सांगतो. आमच्यापासून ती सात किलोमीटर आहे, आणि सकाळची गाडी आठवड्यातून दोनदा तरी येत नाही. मग मी घरीच फळा टांगला.

शिकवणं मला जमतं. पण मी तिची आई आहे, सोबती होऊ शकत नाही.

देवळालीच्या शाळेत मास्तर असलेल्या द. रा. कापरेकरांनी १९४९ साली दाखवलेली ६१७४ ची गंमत मी पोरीला सांगितली. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरते मांडून त्यातून चढते मांडलेले वजा करायचे, आलेल्या उत्तरावर (तीन अंकी आलं तर आधी शून्य लावून) पुन्हा तेच करायचं. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतंच. तिनं आपल्या मनानं दोन अंकी संख्यांवर करून पाहिलं. ८१, ६३, २७, ४५, ०९ आणि पुन्हा ८१. सगळे नवाच्या पाढ्यातले. का, तेही तिनं मांडलं. दहा क अधिक ख मधून दहा ख अधिक क गेले, उरले नऊ क वजा नऊ ख. मी शाब्बास म्हणून भाकरी थापायला गेले.

डिसेंबरात जिनिंगवर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. पुढच्या गाडीवर पंधरा किलोमीटरवरच्या गावचा एक पोरगा बसलेला, तिच्याच वयाचा. तिनं काटापट्टीच्या, म्हणजे वजनाच्या पावतीच्या, मागं त्याला हे सगळं लिहून दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "अन् ३३ घेतले तर?" पोरगी गप्प. ३३ मधून ३३ गेले, शून्य. तिच्या फेऱ्यात शून्य कुठंच नव्हतं. दोघं दीड तास भांडले, शून्य नवाच्या पाढ्यात येतं की नाही यावर. ती चूक माझ्या ध्यानातही आली नव्हती. तिचा तो चेहरा मी दीड वर्षात घरी पाहिला नाही.

मला एवढंच हवं आहे, तालुक्यात अशी चार-सहा पोरं एकमेकांना भेटावीत.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळा, शाळासंकुल आणि जिल्हा पातळीवर गणित मंडळांना, म्हणजे गणिताची आवड असलेल्या पोरांच्या गटांना, पाठबळ देऊ असं छापलं आहे. ऑलिम्पियाड स्पर्धा खेड्यांत आणि प्रादेशिक भाषांत नेण्याचा प्रयत्न करू असंही आहे. २०२४ साली भारताच्या सहा जणांच्या संघानं आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये चार सुवर्णपदकं मिळवली. ती बातमी मी लेकरांना वाचून दाखवली. पुण्यात १९७६ पासून भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था आहे, मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. आम्हाला नागपूरच दीडशे किलोमीटरच्या वर. १९५३ च्या नागपूर करारामुळं सरकार वर्षातून एकदा तिथवर येतं आणि निघून जातं. मागास भागांचा हिशोब मांडणाऱ्या दांडेकर समितीनं १९८४ साली सिंचनाचा, रस्त्यांचा अनुशेष मोजला. एकट्या पडलेल्या पोरांचा कोणी मोजला? पट भरला नाही म्हणून शिक्षक गेला, आणि शिक्षक नाही म्हणून घरी शिकवलं तर आम्ही हिशोबातूनच बाहेर! राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ उद्या याच पोरीची आठवीची परीक्षा घेईल. परीक्षेपुरती ती चालते, खोलीत बसायला चालत नाही?

मला अनुदान नको, मानधन नको. शिकवायला मी येते, खडू माझा. शाळेत नाव असो वा नसो, येईल त्या पोराला बसू द्या, एवढा लेखी आदेश द्या.

येत्या शनिवारी आम्ही दहाच्या गाडीनं पुन्हा येतोय. जिनिंगवर भेटलेल्या त्या पोराच्या बापालाही फोन केला आहे, तो पोराला मोटरसायकलवर आणून सोडणार आहे. किल्ली कोणाकडे असेल, तेवढं शुक्रवारपर्यंत कळवा.

आपली,
घाटंजी तालुक्यातली एक आई