वाट पाहणारी पिके

पुणे,
6 एप्रिल 2025

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

मुलांना बरोबर घेऊन भाजीची बाग करावी असे तुझ्या मनात आहे आणि आमचा अनुभव तुला हवा आहे, हे तुझ्या पत्रातून कळले. उत्तराला उशीर झाला, कारण पहिली भेंडी ताटात पडेपर्यंत या विषयावर बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही असे मला वाटत होते. ती गुरुवारी पडली.

घरामागे जी अरुंद पट्टी आहे, तिथे सहा तास ऊन येते. वसंत पंचमीला, म्हणजे 2 फेब्रुवारीला, आम्ही शेणखत घालून वाफे केले. वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची असा माझा रीतसर नकाशा तयार होता. परंतु चार वर्षांचा धाकटा रोज सकाळी बी उकरून ‘हे उठले का?’ असे पाहू लागला आणि आठवड्याभरात नकाशा निकालात निघाला. मी त्याच्यावर रागावलो, हे कबूल करतो. पण खरे तर चूक माझी होती. ज्याला उद्या म्हणजे फार लांब वाटते, त्याच्या हाती मी महिनोन्‌महिने वाट पाहायला लावणारी पिके दिली होती.

मग मी मुलांच्या धीराच्या मापाने पिके निवडली. डब्यातले मेथीदाणे पेरले, ते चौथ्या दिवशी वर आले आणि महिन्याभरात जुडी मिळाली. धाकट्यासाठी काचेच्या पेल्यात ओला कापूस भरून कापूस आणि काच यांच्या मध्ये चवळीचे दाणे ठेवले. मुळे डोळ्यांसमोर वाढताना दिसू लागल्यावर त्याने वाफा उकरणे आपोआप सोडले. एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. दुकानातल्या पुडीतले गुलाबी किंवा निळे बी औषध लावलेले असते, ते लहान मुलांच्या हाती देऊ नकोस.

भेंडीचे बी रात्रभर भिजवून एकेक वीत अंतरावर लावले. रात्री गार असल्यामुळे उगवायला नऊ दिवस लागले. सात वर्षांच्या थोरलीने तेवढे दिवस धीर धरला, मात्र पिवळे, आत गर्द लाल असलेले फूल सकाळी उमलून संध्याकाळी मिटल्यावर ती खट्टू झाली. सहाव्या दिवशी त्याच जागी भेंडी तोडताना तिचा रुसवा गेला. तोडताना लांब बाह्यांचा सदरा घालावा, नाहीतर लव टोचून हाताला खाज सुटते. आपण पिकवलेली भाजी मुले आवडीने खातात, असे सगळे सांगतात. आमचा धाकटा भेंडी मोजून तोडतो आणि ताटात आली की मोजून बाजूला ठेवतो.

सर्वांत गंमत दुधीने आणली. त्याची पांढरी फुले दिवस कलताना उमलतात, म्हणून ऑफिसातून घरी आल्यावर मलाही त्यात भाग घेता येतो. आधी नुसती नरफुले आली. मादीफुलामागे बोटाएवढा दुधी असतो, हे दाखवल्यापासून थोरली विजेरी घेऊन रोज वेल तपासते. शुक्रवारी तिला पहिले मादीफूल सापडले. नरफुलाच्या पाकळ्या काढून त्याचे पराग तिने मादीफुलात हलकेच टेकवले, आणि धाकट्याने विजेरी धरली, जी बहुतेक वेळ माझ्या डोळ्यांवर होती. परागीकरण साधले असेल तर तो दुधी चार-पाच दिवसांत फुगेल, नाहीतर पिवळा पडून गळेल. तोवर दोघे सुतळीने त्याची जाडी मोजत आहेत आणि गाठींवरून भांडत आहेत.

नागपुरात आता पारा चढू लागेल, तेव्हा मोठा घाट घालू नकोस. सावलीच्या कडेला एका टोपलीत लाल माठ पेर आणि दोन्ही वेळा पाणी घाल. वाफ्यांचे काम पावसाळ्यावर सोड. आणि भिवापुरी मिरचीचे चिमूटभर बी मिळाले तर पाठव. वाट पाहणारे पीक आहे खरे, पण थोरली आता तयार आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना मित्र