डूख सोडा, खुणा छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की ‘नागिणीने डूख धरला’, ‘त्याच घरात पुन्हा साप’ अशा बातम्या छापून येतात. डूख धरायचा तर माणूस लक्षात राहायला हवा. सापाची ती कुवतच नाही. समोरची हालचाल त्याला दिसते, जमिनीतला हादरा जबड्याच्या हाडातून आतल्या कानापर्यंत पोचतो, बाकी सगळी भिस्त जिभेवर. दुभंगलेल्या जिभेची दोन टोके गंधकण उचलतात, टाळूतले जेकबसन इंद्रिय ते ताडते आणि वास डावीकडे दाट की उजवीकडे हे सापाला कळते. त्यावरून तो उंदराचा, बेडकाचा, मादीचा माग काढतो. माणूस म्हणजे त्याच्या लेखी एक मोठा, हलणारा धोका, एवढेच. मीलनकाळात नर मादीच्या वासाच्या वाटेने येतो, आणि मादी मारली गेली तरी ती वाट लगेच पुसली जात नाही. ‘सूड घ्यायला आलेला जोडीदार’ म्हणतात तो असा आलेला असू शकतो. एरवी घरात उंदीर, जोत्याला भेगा आणि भिंतीलगत सरपण असेल, तर एक साप मारल्याने दुसरा यायचा थांबत नाही.

ओळखण्याचे काम आपले आहे, आणि जिवावर बेतते ती मण्यार आणि कवड्या यांतली गल्लत. कवड्या बिनविषारी, मण्यार चार प्रमुख विषारी सापांपैकी एक. दोघांच्याही अंगावर आडवे पट्टे, दोघेही रात्री फिरणारे, दोघेही घरात शिरणारे. रंगावर जाऊ नये. काळपट कवड्याही असतात. पट्टे कुठून सुरू होतात ते पाहावे. मण्यारीचे पट्टे बारीक, बहुतेकदा जोडीजोडीने, मानेपासून बरेच अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात. कवड्याचे मानेपासूनच ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मात्र मण्यारीच्या पिल्लाला पुढच्या भागातही पट्टे किंवा ठिपके असतात, म्हणून लहान सापाबाबत ही खूण दगा देते. पक्की खूण पाठीच्या मधोमध: मण्यारीला तिथे मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग असते, कवड्याला नसते. फोनवरचा फोटो मोठा केला की ती स्पष्ट दिसते.

घोणस आणि डुरक्या घोणस यांचे सोपे आहे. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या गोल-लांबट ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, डोके त्रिकोणी, आणि शिट्टी कुकरसारखी. डुरक्याचे डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले आणि शेपूट आखूड असते. धामणीला नाग समजून मारले जाते, पण नाग दर वेळी फणा काढत नाही. त्यामुळे ‘फणा नाही म्हणजे धामण’ हेही धरून चालू नये. शंका असेल तर साप विषारीच समजावा.

मण्यारीबद्दल आणखी एक गोष्ट ठळक छापावी. तिचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला होतो. फारसे दुखत नाही, सूज नाही, कित्येकदा दातांची खूणही सापडत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. घरचे अपचन समजून ओवा-सोडा देतात आणि मोलाचे तास जातात. खाट वापरावी, निदान मच्छरदाणी अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचावी.

दंशानंतर साप मारून दवाखान्यात आणण्याचा आग्रह सोडावा. तोडलेले डोकेही काही वेळ चावू शकते. आपल्याकडची प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही विषांवर एकच आहे, म्हणून साप हाती नसला तरी उपचार अडत नाहीत. किमान 2 मीटर लांबून फोटो मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर त्यासाठी थांबू नये. अंगठी-बांगड्या काढाव्यात, हातापायाला कामटी बांधून तो हलू देऊ नये, आवळपट्टी किंवा चिरा नको, आणि 108 वर फोन करावा. दंश झालेला नसेल आणि साप घरातच असेल, तर वनविभागाचा क्रमांक 1926.

– काही सर्पमित्र, जि. सांगली